राज्य कुणावर

शेवटी खोली विनया काकूंना मिळाली.

हे वाक्य चुकून आधी आलं. ते मी लिहिलं नाही आणि तुम्ही वाचलं नाही, असं धरून चालू. कारण त्या रविवारी सकाळी असं काही होईल असं आमच्या बिल्डिंगमध्ये कुणालाच वाटत नव्हतं, खुद्द काकूंनाही नाही. मग तुम्हीच तेवढे आधीपासून शहाणे असणं बरं दिसत नाही.

आमची बिल्डिंग उमेळ्यात. आधी तिथे मोगऱ्याची वाडी होती, म्हणून बिल्डिंगचं नाव 'मोगरा अपार्टमेंट'. मोगरा काढून टाकला आणि त्याच्या आठवणीत चार मजले लावले. वाडी होती क्लेमेंट सरांची. जागेच्या बदल्यात त्यांना दोन फ्लॅट आणि मरेपर्यंतचं चेअरमनपद मिळालं. सर शाळेत पीटी शिकवायचे. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण शिट्टी अजून गळ्यात असते. चर्चमध्ये मिस्साला जाताना तेवढी ती शर्टाच्या आत टाकतात.

तळमजल्याला एक बिनखिडकीची खोली होती. बिल्डरने ती कशासाठी बांधली हे त्यालाही सांगता येत नव्हतं. तिथे सोसायटीचा जुना कॉम्प्युटर ठेवला होता, मेन्टेनन्सची बिलं छापायला. बिलं महिन्यातून एकदा छापायची. उरलेला महिना हर्षवर्धनचा. हर्षवर्धन म्हणजे आमच्यातला मोठा, बावीस वर्षांचा, कॉलेज संपवून नोकरीची वाट बघणारा. नोकरी येईपर्यंत त्याने त्या कॉम्प्युटरवर एक गेम टाकला होता. सीडीवर मार्करने 'घोडा ड्रॅगन फुल' एवढंच लिहिलेलं, म्हणून गेमचं नावही तेच.

या खोलीवर विनया पेडणेकर काकूंचा डोळा होता. कारण पेटी. काकूंनी पन्नाशीत पेटीचा क्लास लावला होता. तिथे फक्त शिकवणारेच वाजवायचे, बाकीच्यांनी बघायचं आणि सराव घरी. आणि डिसेंबरात त्यांची पहिली परीक्षा होती. पण त्यांचे मिस्टर शांताराम काका रात्रपाळीला. दिवसभर ते झोपणार आणि रात्री बिल्डिंग झोपणार. मग काकू सराव कसा करायच्या? भाता न उघडता. नुसती बोटं फिरवायची, आवाज डोक्यात. मी एकदा त्यांच्याकडे लिंबू मागायला गेलो होतो तेव्हा बघितलं. त्या मान डोलावून अख्खा राग वाजवत होत्या आणि घरात फक्त फ्रिजचा आवाज.

"कसा वाटला?" त्यांनी विचारलं.

"छान," मी म्हणालो. "पण फ्रिज जरा बेसूर आहे."

मीटिंगमध्ये काकूंनी खोली मागितली. हर्षवर्धन म्हणाला, "काकू, ही खोली जिंकावी लागते. आम्ही इथे रोज लढतो." सगळी मुलं हसली. काकू म्हणाल्या, "मग मीही लढते." यावर मुलं आणखी हसली, आणि क्लेमेंट सरांनी शिट्टी वाजवून ठराव पास केला. पुढच्या रविवारी मिस्सा झाल्यावर सामना. हर्षवर्धनविरुद्ध काकू. त्याने मोठ्या मनाने मला काकूंचा कोच नेमलं. "सुम्या, शिकव त्यांना. नाहीतर लोक म्हणतील म्हाताऱ्या बाईला हरवलं."

"म्हातारी कुणाला म्हणतोस रे?" काकू म्हणाल्या. हा या युद्धातला पहिला वार.

दुपारी मुलं बाहेर असायची तेव्हा शिकवणी. मी पहिल्यापासून सुरुवात केली. आपल्याला एक किल्ला असतो, घोड्यावरचा एक सरदार असतो. सरदार एका डावात ठरावीक पावलंच चालतो. मग वाळूच्या घड्याळावर क्लिक करायचं, की समोरच्याचा डाव. असं आळीपाळीने. घाई अजिबात नाही.

"हे बरंय," काकू म्हणाल्या. "आणि हा नकाशा सगळा काळा का? लाईट गेलेत का?"

"ते धुकं आहे. आपण जिथे जाऊ तिथलं उजळतं. म्हणून नवीन माणसाने सुरुवातीला भरपूर फिरायचं."

तेवढं एक वाक्य काकूंच्या मनात खोल रुतलं. त्यांनी लगेच आणखी तीन सरदार भरती केले आणि नकाशाच्या तीन कोपऱ्यांकडे पाठवून दिले. या गेममध्ये लांबचं ठिकाण एकदा दाखवलं की सरदार दर डावाला आपणहून चालत राहतो. मी म्हणालो, "काकू, सैन्य असं वाटायचं नसतं. एकच सरदार तगडा करायचा, सगळं त्याच्याकडे द्यायचं."

"आणि बाकीच्यांना काय वाटेल?"

मी मेनू उघडून बघितला. बाकीच्यांना काय वाटेल, यासाठी त्यात बटण नव्हतं.

मग मी खाणी सांगितल्या. आधी लाकूड, मग सोनं, मग सैन्य. काकूंनी आधी बाजार बांधला. का, तर किल्ल्यातल्या बायकांना भाजी आणायला लांब पडतं. समोर राक्षस दिसला तर त्याच्यावर माऊसचा बाण नेऊन किती आहेत ते वाचायचं, आणि जास्त असतील तर वळसा घालायचा, हे सांगितलं. काकूंनी सांगाड्यांच्या फौजेवर बाण नेला आणि बराच वेळ बघत राहिल्या. "यांना खायला घालत नाहीत का रे?"

सगळ्यात जास्त भर मी एका गोष्टीवर दिला. किल्ला रिकामा ठेवायचा नाही. रिकाम्या किल्ल्यात ज्याचा घोडा शिरेल, त्याचा किल्ला. लढाई नाही, काही नाही. काकू दर वेळी सगळं सैन्य घेऊन बाहेर पडायच्या आणि मी दर वेळी मागून त्यांच्या किल्ल्यात शिरायचो.

"अरे, पण मी कडी लावली होती!"

"कुठे?"

"मनातल्या मनात."

आठवडाभरात मी काकूंना जेवढं शिकवलं तेवढ्या सगळ्याच्या उलट त्या खेळायला लागल्या. शनिवारी संध्याकाळी मी जिन्यात बसून विचार करत होतो की कोच लोक राजीनामा कुणाकडे देतात.

रविवारी खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. एका बाजूला पोरं, दुसऱ्या बाजूला काकूंच्या तीन मैत्रिणी. मैत्रिणींनी पॉपकॉर्न आणले होते आणि ते दोन्ही बाजूंना देत होत्या. मधे स्टुलावर क्लेमेंट सर. ते लोडशेडिंगचे दिवस होते. आमच्याकडे रविवारी दुपारी दोनला लाईट जायचे, आणि बिल्डिंगमध्ये तेवढी एकच गोष्ट वेळेवर व्हायची. म्हणून दोन वाजेपर्यंतचा सामना ठरला. नकाशावर एकूण नऊ किल्ले. लाईट जातील तेव्हा ज्याच्याकडे जास्त, त्याच्यावर निकाल.

सरांनी शिट्टी वाजवली. "नियम ऐका. दोन वाजता ज्याच्यावर राज्य, तो खोलीबाहेर. परत सांगणार नाही."

"हो सर," हर्षवर्धन म्हणाला. तो तेव्हा खुर्चीची उंची जुळवत होता.

काकूंनी हात वर केला. "सर, ज्याच्याकडे किल्ले जास्त, राज्य त्याच्यावर ना?"

"अर्थात. ज्याच्याकडे जास्त, त्याच्यावर."

"आणि तो बाहेर?"

"राज्य घेणारा नेहमी बाहेरच असतो, बाई. बाकीचे लपतात."

काकूंनी पदर खोचला. "बरं. चला तर."

पहिले काही डाव मला काहीच कळेना. हर्षवर्धन शिकवल्यासारखा खेळत होता. लाकूड, सोनं, एक तगडा सरदार, धुकं उजळत, मधले बिनमालकाचे किल्ले एकेक करून ताब्यात. काकूंनी तीन सरदार सवयीप्रमाणे तीन कोपऱ्यांकडे फिरायला पाठवले आणि मग स्वतःच्या एकुलत्या एका किल्ल्यातून सगळं सैन्य बाहेर काढलं.

मी त्यांच्या कानाशी लागलो. "काकू, किल्ला उघडा पडला."

"माहितीये."

"तो येऊन घेईल!"

"घेऊ दे की. सर काय म्हणाले ते तू ऐकलं नाहीस का?"

मी सरांकडे बघितलं. गळ्यात शिट्टी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. आयुष्यभर मैदानावर पोरांना रांगेत उभं करून 'राज्य कुणावर' विचारलेला माणूस. त्यांच्या हिशेबी राज्य ही एकच वस्तू होती. डोळे झाकून भिंतीकडे तोंड करून शंभरपर्यंत मोजायला लावणारी. मी ओरडायला तोंड उघडलं, आणि मागोमाग हसू आलं. दोन्ही एकदम आल्यामुळे मला नुसती उचकी लागली.

साडेबारापर्यंत हर्षवर्धनकडे सात किल्ले झाले. काकूंकडे त्यांचा एक, तोही हर्षवर्धनला वाटेत पडत नव्हता म्हणून. नववा डोंगरात होता आणि त्याच्या दारात ड्रॅगन बसले होते. हर्षवर्धन खुर्चीत मागे रेलला. "बघा सर, केवढं राज्य!"

सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "बघतोय रे. वाईट वाटतं. अजून वेळ आहे, थोडं उतरव."

"उतरव म्हणजे?"

"राज्य उतरव. नाहीतर बाहेर जाशील."

सगळी पोरं सरांकडे वळली. मला आणखी एक उचकी आली.

"सर," हर्षवर्धन सावकाश म्हणाला, "राज्य म्हणजे किंगडम. ज्याचं राज्य मोठं तो जिंकतो."

"मी 'ज्याचं' म्हणालो का? 'ज्याच्यावर' म्हणालो. ज्याच्यावर राज्य आलं आणि तो जिंकला, असा पोरगा मी अख्ख्या नोकरीत बघितला नाही."

"पण सर..."

"नियम सांगितला तेव्हा 'हो सर' कोण म्हणालं?"

सरांशी वाद घालून उपयोग नसतो. एकदा त्यांनी पोत्यांच्या शर्यतीत स्वतःच्या पुतण्याला बाद केलं होतं, कारण त्याचं पोतं नियमापेक्षा मोठं होतं. तो पुतण्या पुढे ऑस्ट्रेलियाला गेला. लोक म्हणतात नोकरीसाठी.

हर्षवर्धनने मान हलवली, बोटं मोडली आणि तो हरायला लागला.

तुम्ही असा सामना बघितला नसेल. दोन फौजा आणि दोघांनाही हरायचंय. हर्षवर्धनने सातही किल्ल्यांमधून सैन्य बाहेर काढलं आणि दारं सताड उघडी टाकली. काकूंनी तिकडे ढुंकूनही बघितलं नाही. त्यांनी आपला मुख्य सरदार, सोबत जेमतेम मूठभर भालेवाले, थेट डोंगरातल्या ड्रॅगनवर घातला. "जा बाबांनो," त्या म्हणाल्या, "आणि मनाला लावून घेऊ नका."

ड्रॅगनांनी लढायला नकार दिला. या गेममध्ये असं क्वचित होतं. स्क्रीनवर पाटी आली की ड्रॅगन तुमच्या शौर्याने प्रभावित झाले असून तुमच्या सैन्यात सामील होऊ इच्छितात. काकूंनी घाबरून पहिल्या दिसलेल्या बटणावर क्लिक केलं. ते 'हो' होतं. सरदार ड्रॅगनांसह डोंगरातल्या किल्ल्यात शिरला.

"अगं बाई! हे कशाला आले?"

"तुम्ही बोलावलंत," मी म्हणालो.

"मी? मी तर भांडायला पाठवलं होतं!"

काकूंवर दोन किल्ल्यांचं राज्य आलं. त्यांनी घाईघाईने ड्रॅगन पहिल्या, घरच्या किल्ल्याकडे रवाना केले. का, ते मला आजही माहीत नाही. पाहुणे घरी न्यायचे असतात, एवढंच त्यांच्या मनात असावं.

आणि मग ते तीन सरदार आले. सकाळी फिरायला पाठवलेले, काकू ज्यांना साफ विसरल्या होत्या ते. प्रत्येक जण दर डावाला थोडा थोडा चालत नकाशाच्या आपापल्या कोपऱ्यात पोहोचला, आणि प्रत्येक कोपऱ्यात हर्षवर्धनचा एकेक उघडा किल्ला होता. पहिला शिरला. काकू किंचाळल्या. पुढच्या डावाला दुसरा शिरला. "अरे थांब! थांबवा त्याला! याला ब्रेक कुठे असतो?" थांबवायचं बटण होतं, पण काकू ते शोधेपर्यंत तिसरा शिरला आणि वर त्याने झेंडाही लावला.

काकू पाच. हर्षवर्धन चार.

दोनला दहा मिनिटं कमी होती. हर्षवर्धन गालातल्या गालात हसला, हाताची घडी घातली आणि त्यानंतर नुसतं वाळूचं घड्याळ दाबत राहिला. काहीच करायचं नाही. काही न करता तो जिंकत होता. पोरांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. काकूंच्या मैत्रिणींचे पॉपकॉर्न तोंडातच राहिले.

काकूंच्या हाताची बोटं टेबलाच्या कडेवर फिरायला लागली. सा, रे, ग, म. आवाज नाही. मी ते बघितलं आणि माझी उचकी थांबली. डिसेंबरात परीक्षेच्या हॉलमध्ये या बाई पहिल्यांदा भाता उघडणार आणि स्वतःचं वाजवणं पहिल्यांदा ऐकणार, हे मला एकदम दिसलं. विनोद करायचा प्रयत्न केला. सुचला नाही. माझ्या बाबतीत हे गंभीर लक्षण आहे.

काकूंच्या घरच्या किल्ल्यात आता ड्रॅगन होते आणि बाहेर एका पावलावर, आपले किल्ले रिकामे करून भटकत आलेला हर्षवर्धनचा तगडा सरदार उभा होता. काकूंनी स्क्रीनकडे बघितलं, मग हर्षवर्धनकडे, मग सरांकडे.

"सर, एक विनंती होती. हर्षवर्धनला कच्चा लिंबू धरूया का?"

हर्षवर्धनचं हसू जागच्या जागी थांबलं. "काय?"

"नाही, म्हणजे, बिचारा दारात येऊन उभाय. आत ड्रॅगन आहेत, त्यामुळे पाय उचलत नाहीये. लहान आहे. त्याचं धरायचं नाही, त्याला नुसतं खेळू द्यायचं."

"काकू, मी घाबरलो नाहीये. मला जायचंच नाहीये."

"हो रे राजा. लहानपणी टाकीमागे अंधारात जायचं असलं की तेव्हाही तुला जायचंच नसायचं."

पोरांमध्ये कुणीतरी फिस्स केलं. मग दुसऱ्याने. कच्चा लिंबू म्हणजे खेळात घेतलेलं शेंबडं पोर, जे बाद झालं तरी बाद धरत नाहीत. बावीस वर्षांच्या माणसाला, त्याच्याच खोलीत, त्याच्याच गेमसमोर, त्याच्याच पोरांदेखत हे म्हणणं फार झालं.

"हर्ष्या, पण खरंच, ड्रॅगनला तू मारू शकतोस का रे?" मागून जेसनने विचारलं. जेसन क्लेमेंट सरांचा नातू. त्याला खरोखरच जाणून घ्यायचं होतं, हे सगळ्यात वाईट.

"मारू शकतो का? शकतो का?" हर्षवर्धनने माऊस पकडला. "बघ आता."

आणि त्याने ती लढाई केली. मी एवढा खेळ बघितला, पण तशी लढाई नाही. धनुर्धारी मागे, घोडेस्वार बाजूने, जादूगाराने ड्रॅगनवर झोपेचा मंत्र टाकला, आणि एकही जागा चुकली नाही. मोजक्या माणसांनी एकेक ड्रॅगन लोळवला. पोरं बाकावर उभी राहून ओरडत होती. काकूही ओरडत होत्या. "वा रे! शाब्बास! डावीकडून घे त्याला!" शेवटचा ड्रॅगन पडला, सरदार किल्ल्यात शिरला, काकूंचा झेंडा उतरला आणि हर्षवर्धनचा चढला. त्याने दोन्ही हात वर करून आरोळी ठोकली.

पंखा थांबला. स्क्रीन काळी झाली. दोन वाजले होते.

अंधारात शिट्टी वाजली.

"हर्षवर्धन पाच, बाई चार. राज्य हर्षवर्धनवर."

हर्षवर्धनचे हात बराच वेळ वरच राहिले. मग त्याने ते हळूहळू खाली आणले आणि तो म्हणाला, "पण लढाई भारी झाली ना?"

"फार भारी," काकू म्हणाल्या आणि खरोखर टाळ्या वाजवल्या. मग त्याला उरलेले पॉपकॉर्न दिले.

कॉम्प्युटर हर्षवर्धनच्या घरी गेला. बिलं तिथे छापली जातात आणि त्याची आई त्याला रोज विचारते की खोली कशी घालवलीस. तो तिला 'ज्याचं' आणि 'ज्याच्यावर' यातला फरक समजावतो. ती समजून घेत नाही.

सोमवारी दुपारी काकूंनी पेटी खाली आणली, सतरंजी घातली आणि दार लावून घेतलं. जिन्यात आम्ही सगळे उभे होतो, हर्षवर्धनही. बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. सवयीने नुसती बोटं फिरत असणार. मग भाता उघडल्याचा एक लांब श्वास आला, आणि सा. एकच, लांबलचक, जरासा थरथरणारा. तो संपल्यावर आतून काकूंचा आवाज आला, "अय्या!"

चौथ्या मजल्यावर शांताराम काका झोपले होते. ते झोपलेले असताना पेटी वाजली, असं पहिल्यांदाच घडलं.

त्यानंतर काकू रोज वाजवतात. सकाळी, दुपारी, संध्याकाळी, लाईट असोत-नसोत, कारण पेटीला लाईट लागत नाहीत. परीक्षेला एकच गाणं आहे. त्याची पहिली ओळ बसेपर्यंत दुसरीकडे जायचं नाही, असं त्यांच्या पेटीच्या सरांनी सांगितलंय. त्या खोलीच्या बरोबर डोक्यावर ज्यांचं घर आहे ते आम्ही. म्हणून काल मी खालील अर्ज सादर केला:

प्रति,
मा. चेअरमन,
मोगरा अपार्टमेंट, उमेळे.

विषय: फ्लॅट क्र. १०१ पहिल्या मजल्यावरून चौथ्या मजल्यावर हलवण्याबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, अर्जदाराचा फ्लॅट श्री. शांताराम पेडणेकर यांच्या शेजारी हलवण्यात यावा, जेथे दिवसभर पूर्ण शांतता असते असे समजते. चौथ्या मजल्यावरील सध्याच्या रहिवाशांनी कृपया थोडे सरकून घ्यावे. इमारतीस लिफ्ट नसल्याने सदर फ्लॅट जिन्याने न्यावा लागेल याची अर्जदारास पूर्ण कल्पना असून, वळणावर तो आडवा धरण्यास अर्जदार स्वतः हजर राहील. तरी सदर काम डिसेंबरपूर्वी करून मिळावे, ही नम्र विनंती.